बारा कार्षापण आणि दहा दिवस

"किती घेतात?"

इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलो असं धारगळात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो. काही घेत नाहीत म्हटलं की समोरचा थोडा थांबतो आणि विचारतो, "राहणं-जेवण धरून?" हो, राहणं-जेवण धरून. मग तिसरा प्रश्न. तो तोंडाने येत नाही, नजरेतून येतो: यात काहीतरी गोम असणार.

या शंकेत गैर काही नाही. आमचा पेडणे तालुकाच असा आहे. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावर योग आणि ध्यानाचे फलक माडामाडाला दिसतात, काही रशियन भाषेतसुद्धा. त्यावर दिवसांचे आणि खोलीचे दर असतात. खुद्द धारगळात डिसेंबर 2022 मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी मोपाच्या विमानतळाचंही. आरोग्य आणि शांतता शोधायला लोक दुरून आमच्या दारात येतात, त्यावर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. अशा गावात फुकट ध्यान म्हटलं तर माणूस चपापणारच. म्हणूनच तो पहिला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. बौद्ध साधनेचं शिबिर म्हणजे काय, हे पैशाच्या बाजूने समजून घेतलं तर लवकर कळतं.

आधी तिथे काय होतं ते सांगतो. पोहोचल्या दिवशी मोबाइल, पाकीट, पुस्तकं, वही-पेन जमा करायचं. संध्याकाळी पंचशील घ्यायचं: हिंसा नाही, चोरी नाही, असत्य नाही, ब्रह्मचर्य पाळायचं, नशा नाही. त्यानंतर आर्य मौन सुरू होतं, ते दहाव्या दिवशी सकाळी सुटतं. मौन म्हणजे नुसतं तोंड बंद नव्हे; खुणा नाहीत, नजरानजर नाही. पहाटे 4 ला घंटा, साडेचारपासून बैठक. साडेसहाला नाश्ता, 11 ला जेवण. संध्याकाळी 5 ला नव्या साधकाला चहा, चुरमुरे किंवा फळ. पूर्वी एक शिबिर केलेल्याला नुसतं लिंबूपाणी. रात्री प्रवचन आणि साडेनऊला दिवे बंद. दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बसणं होतं. आचार्यांना शंका विचारता येते आणि व्यवस्थेतली अडचण धम्मसेवकाला, म्हणजे तिथल्या स्वयंसेवकाला, सांगता येते. बाकी कुणाशी बोलणं नाही.

पहिले साडेतीन दिवस एकच काम असतं: आनापान. म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास जाणायचा. तो लांब करायचा नाही, रोखायचा नाही, त्याला मंत्र जोडायचा नाही. नाकपुड्या आणि वरच्या ओठामधली जागा एवढंच क्षेत्र. जागा मुद्दाम लहान ठेवतात. मोठ्या अंगणात वासरू कुठेही हुंदडतं. दावं आखूड केलं की ते जागेवर उभं राहायला शिकतं, तसं हे आहे. दुसऱ्या दिवशी मला ओठावर काहीच जाणवत नव्हतं. चौथ्या दिवशी श्वास डाव्या नाकपुडीतून जास्त येतोय की उजव्या, आत येताना गार आहे आणि बाहेर जाताना किंचित ऊन, हे आपोआप कळू लागलं. मन बारीक होणं ते हेच.

चौथ्या दिवशी विपश्यना देतात. विपश्यना म्हणजे विशेष प्रकारे पाहणं. आता लक्ष डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने फिरवायचं आणि जिथे जी संवेदना असेल ती जाणून पुढे सरकायचं. खाज, धडधड, मुंग्या, ओढ, घाम, कपड्याचा स्पर्श, काहीही. सुखद असेल तर तिला धरायचं नाही, दुखत असेल तर तिला ढकलायचं नाही. यामागे बुद्धाने दाखवलेली एक साखळी आहे. डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा आणि मन यांना काही भिडलं की शरीरावर वेदना उठते. पालीत 'वेदना' म्हणजे दुखणं नव्हे, कुठलीही संवेदना. वेदनेपाठोपाठ तृष्णा येते, म्हणजे हवं किंवा नको. आपल्याला वाटतं, आपण शब्दावर चिडलो. प्रत्यक्षात शब्द ऐकल्यावर छातीत जे गरम झालं त्यावर आपण चिडलेले असतो. ते गरम होणं आणि चिडणं यांच्यामध्ये एक फट आहे, पण ती इतकी बारीक की रोजच्या धबडग्यात दिसत नाही. दहा दिवसांची सगळी खटपट ती फट दिसावी म्हणून.

त्यासाठीच अधिष्ठानाची बैठक असते. दिवसातून तीनदा, एकेक तास, निश्चय करून बसायचं: हात उघडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी माझा उजवा गुडघा पेटला. साधारण चाळीस मिनिटं झाली असावीत. आधी मी ध्वनिमुद्रित आवाजाची वाट पाहिली, कारण तास संपत आला की तो येतो. मग मनात गुडघ्याचं ऑपरेशनही होऊन गेलं. मग राग आला, तो कुणावर ते कळेना. आणि तेव्हाच, सांगितलं होतं म्हणून, दुखण्याच्या मधोमध पाहायला गेलो. दुखणं एकसंध नव्हतं. वाटीच्या बाहेरच्या कडेला टोचणी होती, आत धग, मागे नुसती धडधड, आणि तिन्हींचा जोर दर क्षणी कमी-जास्त होत होता. गुडघा दुखायचा थांबला असं नाही, पण 'माझा गुडघा गेला' ही मनातली ओरड थांबली. पालीत याला अनिच्च म्हणतात, अनित्य. शब्द लहानपणापासून माहीत होता. दगडी फरशीवर बसून तो गुडघ्यात कळला.

असा अनुभव प्रत्येकाला यावा अशी अट नाही. अनुभवाच्या मागे लागणं हीसुद्धा तृष्णाच, असं तिथे वारंवार सांगतात. मला जास्त विचारात टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीने, ताटाने. अकरा वाजता भात, वरण, पोळी, भाजी वाढून घ्यायची, गप्प जेवायचं, ताट घासून ठेवायचं. सहाव्या दिवशी मनात आलं, हे वरण कुणाच्या पैशाचं? नियम असा आहे की ज्याने किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलं आहे त्याच्याकडूनच दान घेतात. माझ्या ताटातला घास माझ्या आधी इथे बसून गेलेल्या कुणीतरी देऊन ठेवला होता. तो कोण ते मला कळणार नाही, मी कोण ते त्याला कळणार नाही. आणि मी जे देईन ते माझ्यासाठी नसेल, पुढच्यासाठी असेल. शिबिर फुकट नाही. त्याचे पैसे दुसऱ्याने आधीच भरलेले असतात, आणि ज्याने भरले त्याला त्या बदल्यात काही मिळालेलं नसतं.

भिक्षूचं जगणं याच पायावर उभं आहे. भिक्षू पैसा हाताळत नाही, मध्यान्हानंतर जेवत नाही, दुसऱ्याने दिलेलं खातो. दहा दिवस पाकीट जमा करून अकरा वाजता जेवणारा गृहस्थ तेवढ्यापुरता भिक्षू झालेला असतो. विहार म्हणजे तरी काय? काहींनी बसावं म्हणून बाकीच्यांनी उचललेला भार.

ही व्यवस्था आपल्या मुलखात किती जुनी आहे ते नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेलं आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा प्राकृत लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने संघाला लेणं तर दिलंच, वर 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायम ठेव म्हणून दिले. ती ठेव गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवली. 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 च्या व्याजातून या लेण्यात पावसाळ्यातल्या वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवराच्या कापडासाठी द्यायचे. हिशोब करून पाहावा: महिन्याला 20, वर्षाला 240, आणि 20 भिक्षूंना 12 प्रमाणे बरोबर 240. एक नाणं इकडचं तिकडे नाही. त्याच लेखात पुढे, कापूर आहारातल्या (जिल्ह्यातल्या) चिखलपद्र गावी नारळाची 8000 झाडं दिल्याची नोंद आहे. नारळाला शब्द आहे नाडिगेर. माडाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला हा आकडा नुसता वाचून सोडवत नाही. आठ हजार माडांचा पाडा कितीएक माणसांच्या कष्टांनी होतो हे आम्हाला माहीत आहे.

वर्षावास हे आजच्या शिबिराचं मूळ रूप म्हणता येईल. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, त्याचं कारण दिलं आहे. पावसात फिरणारे भिक्षू कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा बुद्धाने पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. मृगानंतर आमच्या मळ्यात एकदा पाऊल टाकून पाहा: गोगलगायी, बेडकाची पिल्लं, भाताचे कोवळे तरवे. नियम कुणीतरी खरोखर पावसात चालून केला आहे हे लगेच पटतं. आषाढी पौर्णिमेला बसायचं, आश्विन पौर्णिमेला उठायचं. महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये हा वर्षावास आजही चालतो. या काळात विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं, बायामाणसं कामावरून येऊन ऐकायला बसतात. बाबासाहेबांनी 1955 मध्ये स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरंही असतात. त्यात गृहस्थ मुंडन करून, चीवर घालून ठरावीक दिवस भिक्षूचं जीवन जगतो आणि भिक्षापात्र घेऊन आपल्याच लोकांच्या दारात उभा राहतो. ज्यांच्या वाडवडिलांना मागून खायला लावलं गेलं, त्यांनी भिक्षापात्र सन्मानाने हाती घेणं याचा अर्थ फार मोठा आहे, आणि तो बाहेरून पाहणाऱ्याने समजून घ्यायला हवा.

पण विपश्यना ब्रह्मदेशातून आली ना? तिथून आली, आणि त्या वाटेवर गोव्याचा एक माणूस भेटतो.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 चा, सासष्टीतल्या संखवाळचा. शाळा जेमतेम, घरी माडांची बागायत पाहायची. 'बालबोधमेवा' या मराठी मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. 1899 च्या अखेरीस घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळ, बोधगया करत 1902 मध्ये कोलंबोला विद्योदय परिवेणात (भिक्षूंच्या विद्यालयात) सुमंगलाचार्यांकडे पोहोचले आणि श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात 1904 मध्ये ज्ञानतिलोक या जर्मन भिक्षूबरोबर ते उत्तरेकडे गेले आणि सगाइंगच्या डोंगरातल्या गुहेत राहून, एका बर्मी भिक्षूच्या मार्गदर्शनाखाली समाधीचा आणि विपश्यनेचा अभ्यास केला. सगाइंग मंडालेजवळ, इरावतीच्या पलीकडे आहे. मंडाले म्हटलं की मराठी माणसाला टिळकांचा तुरुंग आणि 'गीतारहस्य' आठवतं. टिळक तिथे गेले ते 1908 मध्ये. त्याच्या चार वर्षं आधी संखवाळचा हा माणूस तिथल्या गुहेत श्वास पाहत बसला होता, आणि तोही दुसऱ्यांनी दिलेल्या भिक्षेवर. परतल्यावर त्यांनी मराठीत बुद्धावर लिहिलं, 'निवेदन' हे आत्मचरित्र लिहिलं, हार्वर्डला जाऊन 'विसुद्धिमग्ग' या ध्यानाच्या थोर पाली ग्रंथावर काम केलं. गोव्यात त्यांचं नाव विद्वान म्हणून घेतात. ते साधक होते, हे मात्र आपण मागे ठेवतो. मला ती ओळख आधी द्यावीशी वाटते.

कोसंबी ब्रह्मदेशात पोहोचले त्या वेळी तिथे एक मोठी गोष्ट घडत होती. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला कैद करून आपल्या कोकणात, रत्नागिरीला आणून ठेवलं. 1916 मध्ये तो तिथेच वारला. त्याचा राजवाडा आजही उभा आहे. धम्माला आश्रय देणारा राजा गेला, मग धम्म कुणी सांभाळायचा? लेडी सयाडो (1846–1923) या भिक्षूंनी उत्तर दिलं: सामान्य माणसांनी. त्यांनी बर्मी भाषेत सोपी पुस्तकं लिहिली, गृहस्थांना अभिधम्म आणि विपश्यना शिकवली. एरवी फार थोड्या भिक्षूंपुरती राहिलेली साधना शेतकऱ्या-कारकुनांच्या हाती आली. त्यांच्या परंपरेत सया थेटजी (1873–1945) हे शेतकरी होते. त्यांचे शिष्य ऊ बा खिन (1899–1971) हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. आणि त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका, 1924 मध्ये मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीने ते हैराण होते, मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. त्यातून 1955 मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि चौदा वर्षं शिकले.

गोयंका 1969 मध्ये भारतात आले. 3 जुलैला मुंबईत एका धर्मशाळेत पहिलं शिबिर बसलं, 14 जणांचं, त्यात त्यांचे आईवडीलही होते. इगतपुरीचं धम्मगिरी 1976 पासून सुरू झालं. 1994 मध्ये तिहारच्या तुरुंगात एका वेळी हजारावर कैदी शिबिराला बसले. गोयंका 2013 मध्ये मुंबईत वारले, पण शिबिरात आजही त्यांचाच ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येतो.

थिवीहून कोकणकन्येने ठाण्याला जाताना रात्री रत्नागिरी येतं. गाडी थांबते, चहावाले फिरतात. याच गावात मंडालेचा राजा कैदेत होता, आणि त्याच्या पाडावातून जे रुजलं ते शिकायला मी इगतपुरीला चाललो आहे, हे त्या प्लॅटफॉर्मवर मनात येतं आणि झोप उडते.

आणि आमच्या गावाजवळ? डिचोलीजवळ लामगावला जांभ्यात कोरलेल्या गुंफा आहेत. आत आज शिवलिंग आहे, पण त्या मुळात बौद्ध भिक्षूंच्या असाव्यात असं बरेच अभ्यासक मानतात. हरवळ्याच्या गुंफांबद्दल मतभेद आहेत. धारगळातून महामार्गाने दक्षिणेला निघालं की शापोरा नदीचा पूल लागतो आणि पलीकडे कोलवाळ. तिथल्या मुशीर वाड्यावर 1930 मध्ये फादर हेन्री हेरास या स्पॅनिश जेझुइट इतिहासकाराला बुद्धाची मूर्ती सापडली. ती आता मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या हेरास संस्थेच्या संग्रहात आहे. मूर्ती होती म्हणजे पूजणारे होते, भिक्षू होते. भिक्षू होते म्हणजे त्यांना भात घालणारी घरंही होती, नदीच्या त्या काठाला आणि कदाचित या काठालाही.

जायचं असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. अर्ज आगाऊ भरावा लागतो. कोल्हापूरजवळ आळते इथलं धम्मालय पेडण्याच्या माणसाला त्यातल्या त्यात जवळ. अर्जात शारीरिक आणि मानसिक आजारांबद्दल विचारतात. तिथे काही लपवू नये. दहा दिवस बाहेरचा आधार नसताना मनात जे वर येतं ते प्रत्येकाला झेपतंच असं नाही, आणि गंभीर मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. औषध सोडून तर मुळीच नाही. तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी पळून जावंसं वाटलं, तर तसं वाटणारे तुम्ही पहिले नाही. आणि मन शांत करून घ्यायला म्हणून जाऊ नका. पहिले काही दिवस ते अधिकच गलबलतं, कारण इतकी वर्षं आत काय चाललं होतं ते पहिल्यांदाच ऐकू येतं.

दुसऱ्या वर्षी मी धम्मसेवक म्हणून गेलो. सेवकाला मोबदला नसतो. दिवसातून तीन बैठका तो साधकांबरोबर बसतो आणि उरलेला वेळ काम करतो. माझ्याकडे जेवणघर होतं. अकरा वाजता माणसं खाली मान घालून ओळीने येत आणि मी भात वाढत असे. नावं माहीत नव्हती, गावं माहीत नव्हती. सहाव्या दिवसापर्यंत मला एवढंच कळलं होतं की खांबाजवळ बसणारा वृद्ध एकच डाव भात घेतो, चष्मेवाला मुलगा दुसऱ्यांदा येतो पण मागायला लाजतो, आणि एका गृहस्थाचा हात ताट पुढे करताना पहिल्या दिवसापेक्षा कमी थरथरतो.